सरकारी यंत्रणेमुळे नुकसान झालं तर भरपाई कशी मागायची: पहिल्यांदाच दावा करणाऱ्यांसाठी

रस्त्यावरच्या उघड्या चेंबरमध्ये माणूस पडतो, घरचे त्याला घेऊन दवाखान्यात धावतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चेंबरवर नवं कोरं झाकण बसलेलं असतं. आदल्या रात्री तिथे काय होतं याचा एकही फोटो कुणाकडे नसतो. पुढे वर्षभर जे भांडण चालतं ते बहुतेक वेळा या एका न काढलेल्या फोटोवरून.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. महापालिका, जिल्हा परिषद, वीज कंपनी, रेल्वे, सरकारी दवाखाना यांच्या हलगर्जीपणामुळे ज्यांच्या घरात कुणी गेलं किंवा कायमचं जायबंदी झालं, अशी माणसं माझ्याकडे येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सरकारवर केस होते का हो? होते. पण सगळ्याच बाबतीत होत नाही, आणि जिथे होते तिथे मुदत फार थोडी असते. हा लेख त्या दोन गोष्टींसाठी आहे.

आधी हे पाहा: कायदा सरकारला जबाबदार धरतो का?

भारताच्या संविधानाचा अनुच्छेद ३०० सांगतो की केंद्र आणि राज्य सरकारवर त्यांच्या नावानं दावा लावता येतो. मात्र कोणत्या चुकीसाठी पैसे द्यायचे हे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे आजही नाही. विधी आयोगानं आपला अगदी पहिला अहवाल १९५६ साली याच विषयावर दिला. त्यावरून १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयकं आली, पण ती मंजूर झालीच नाहीत. त्यामुळे नियम शोधायचे ते न्यायालयांच्या निकालांत.

त्यातले दोन निकाल शेजारी ठेवले की जुना वाद लक्षात येतो. उदयपूरमध्ये जिल्हाधिकाऱ्यांची सरकारी जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकानं एका पादचाऱ्याला चिरडलं. सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये राजस्थान सरकारला जबाबदार धरलं आणि कुटुंबाला १५,००० रुपये मिळाले. दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, अमृतसरच्या एका सराफी पेढीचा खटला आला. मेरठमध्ये पोलिसांनी पेढीच्या भागीदाराला संशयावरून पकडून त्याच्याजवळचं सोनं मालखान्यात, म्हणजे जप्त मालाच्या कोठीत, ठेवलं होतं. हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पळाला. पोलिसांचा निष्काळजीपणा सिद्ध होऊनही पेढीला काही मिळालं नाही, कारण अटक आणि जप्ती ही सरकारची सार्वभौम कामं मानली गेली. जीप चालवणं हे कुणीही करू शकेल असं काम. अटक करणं फक्त सरकारच करू शकतं. या फरकावर तेव्हा सगळा निकाल फिरला.

ही भिंत पुढे बरीच खचली. आंध्र प्रदेशात एका व्यापाऱ्याचा खताचा साठा सरकारनं जप्त केला आणि तो सरकारच्या ताब्यात खराब झाला. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सार्वभौम कामाच्या आडोशाला अशा बेफिकिरीची जबाबदारी झटकता येणार नाही. त्यानंतर दोन वर्षांनी आपल्या महाराष्ट्रातलं प्रकरण निकाली निघालं. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली बाळंतपणानंतर नसबंदीच्या शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. दवाखाना चालवणं हे सार्वभौम काम नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारला ३६,००० रुपये द्यायला लावले. १९६३ चा मृत्यू, १९९६ चा निकाल. हे अंतर ऐकून घाबरू नका, पण रेंगाळूही नका.

पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात अन्याय झाला असेल तर सार्वभौमत्वाचा बचाव चालतच नाही, कारण तिथे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असतो. बिहारमध्ये एका माणसाला निर्दोष सुटल्यानंतरही १४ वर्षं तुरुंगात ठेवलं होतं. १९८३ मध्ये त्याला एकूण ३५,००० रुपये मिळाले. १९९३ मध्ये ओडिशात कोठडीत मेलेल्या २२ वर्षांच्या मुलाच्या आईला दीड लाख देण्याचा आदेश झाला. रक्कम आज तोकडी वाटते, पण तिथून पुढची वाट मोकळी झाली.

यंत्रणेला धोका माहीत होता का?

माझ्या अनुभवात दावे टिकतात किंवा पडतात ते या प्रश्नावर. दिल्लीत चांदणी चौकातला घंटाघर १९५१ मध्ये कोसळला आणि माणसं मेली. इमारत महापालिकेच्या मालकीची होती आणि ८० वर्षांची जुनी; अशा बांधकामाचं आयुष्य ४०-४५ वर्षं धरलं जातं. महापालिका म्हणाली, आम्हाला काय कल्पना! सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्ये सांगितलं की रस्त्यालगतच्या इतक्या जुन्या इमारतीची वेळोवेळी तपासणी करणं हे मालकाचं कामच होतं. घंटाघर कोसळला यातच निष्काळजीपणा दिसतो. नसेल तर तसं महापालिकेनं सिद्ध करावं.

आता राजकोटचं प्रकरण पाहा. कामावर चालत निघालेल्या माणसाच्या अंगावर रस्त्याकडेचं झाड पडलं आणि तो गेला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महापालिकेला जबाबदार धरलं नाही. झाडं लावणं आणि राखणं हे कायद्यानं नेमून दिलेलं काम असलं तरी तेवढ्यावरून भरपाईचा हक्क निर्माण होत नाही. ते झाड पडणार हे महापालिकेला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, असं काही दाखवता आलं नव्हतं.

म्हणून पक्षकाराला मी सगळ्यात आधी विचारतो: याआधी कुणी तक्रार केली होती का? सोसायटीनं वाळलेल्या फांदीबद्दल अर्ज दिला होता का? नगरसेवकानं पत्र लिहिलं होतं? वर्तमानपत्रात त्या खड्ड्याचा फोटो आला होता? अपघाताच्या तीन महिने आधीचा, आवक शिक्का असलेला एक साधा अर्ज तुमच्या दहा साक्षीदारांइतका कामाचा असतो.

नुसती परवानगी देण्यात किंवा देखरेखीत ढिलाई झाली म्हणून मात्र यंत्रणेला सहज गोवता येत नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या १९९७ च्या आगीत ५९ जण गेले. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये भरपाईचा भार चित्रपटगृहाच्या मालकावर ८५ टक्के आणि वीज मंडळावर १५ टक्के टाकला. महापालिका आणि परवाना देणारा अधिकारी यांना त्या भरपाईतून वगळलं. मला हा निकाल पटत नाही, पण दावा लिहिताना तो समोर ठेवावाच लागतो.

विजेच्या तारेची गोष्ट वेगळी. मध्य प्रदेशात रात्री सायकलवरून घरी निघालेला माणूस रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेवर गेला आणि जागीच मेला. मंडळानं सांगितलं की कुणीतरी वीज चोरायला ती तार ओढली होती. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ऐकलं नाही. जो इतकी जीवघेणी गोष्ट पुरवण्याचा धंदा करतो, त्याची जबाबदारी निष्काळजीपणा सिद्ध न होताही येते. तार तुटून कुणी गेलं असेल तर तुमची बाजू मुळातच भक्कम आहे.

पहिल्या चार दिवसांत

घरात माणूस दवाखान्यात असताना हे सुचत नाही, म्हणून शेजारी किंवा भाचा-पुतण्या अशा एकाला हे काम नेमून द्या. जागेचे फोटो आणि व्हिडिओ काढा: एक जवळून, एक लांबून ज्यात दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक दिसेल. खड्ड्यात काठी किंवा मोजपट्टी उभी धरून फोटो घ्या, खोली कळते. मोबाइलमधली मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या प्रतीत तारीख-वेळ राहत नाही.

पोलिसांत खबर द्या आणि घटनास्थळाचा पंचनामा होतो आहे ना ते पाहा. पंचनाम्यात 'पाय घसरून पडला' असं मोघम लिहिलं जातं आणि मग तेच शब्द तुमच्या विरोधात वाचले जातात. चेंबरला झाकण नव्हतं, दिवा बंद होता, बॅरिकेड नव्हतं, हे पंचांसमोर लिहून घ्यायला सांगा. दवाखान्यातल्या नोंदीतही दुखापतीचं कारण नीट येऊ द्या. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन टाळू नका. कितीही जिवावर आलं तरी टाळू नका. मृत्यूचं कारण कागदावर नसेल तर पुढे सगळं अडतं.

त्याच आठवड्यात माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' भरायचं, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. उत्तराला ३० दिवस. विचारा ते नेमकं: हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, देखभालीचा ठेका कोणाला दिला, शेवटची तपासणी कधी झाली, गेल्या वर्षभरात या ठिकाणाबद्दल किती तक्रारी आल्या, आणि घटनेनंतर दुरुस्ती कोणत्या तारखेला कोणाच्या आदेशानं झाली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मिळतं, आणि रातोरात बसलेल्या त्या झाकणाचा पुरावा तुमच्या हाती येतो.

समोर नेमकं कोण आहे?

'सरकार' म्हणून दावा लागत नाही. राज्य सरकारच्या खात्याची चूक असेल तर प्रतिवादी 'महाराष्ट्र राज्य', केंद्राची असेल तर 'भारतीय संघराज्य'. महापालिका, नगरपरिषद, एसटी महामंडळ, वीज वितरण कंपनी या स्वतंत्र संस्था आहेत. त्यांच्यावर त्यांच्याच नावानं. शहरातला एकच रस्ता अर्धा महापालिकेकडे आणि अर्धा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. ठेकेदार असेल तर तोही हवा. संशय असेल तिथे सगळ्यांना प्रतिवादी करा आणि कोणाचा किती वाटा हे न्यायालयाला ठरवू द्या.

नोटीस आणि मुदत

हा भाग दोनदा वाचा.

राज्य किंवा केंद्र सरकारवर दिवाणी दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि २ महिने थांबावं लागतं. राज्यासाठी ती सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना, रेल्वेसाठी महाव्यवस्थापकांना. फारच तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीनं आधीही दावा लावता येतो. मुंबई महापालिका (कलम ५२७), राज्यातल्या इतर महापालिका (कलम ४८७) आणि नगरपरिषदा (कलम ३०४) यांच्या कायद्यांत नोटीस १ महिन्याची आहे, पण दावा कारण घडल्यापासून ६ महिन्यांत दाखल व्हावा लागतो. सरकारी खात्यांबाबतही निवांत राहू नका. कायद्यानं नेमून दिलेलं काम करताना केलेल्या किंवा न केलेल्या कृतीच्या भरपाईला मुदत कायद्यात १ वर्षच दिलं आहे. नोटिशीचा काळ मुदतीतून वजा होतो, पण त्या भरवशावर राहू नका.

काही वर्षांपूर्वी एक ताई माझ्याकडे जाड फाइल घेऊन आल्या. नवरा उघड्या नाल्यात पडून गेला होता. फाइलमध्ये अकरा निवेदनं होती: मुख्याधिकाऱ्यांना, जिल्हाधिकाऱ्यांना, आमदारांना, पालकमंत्र्यांना. प्रत्येकावर आवक शिक्का, प्रत्येकाची पोच व्यवस्थित लावलेली. 'कार्यवाही सुरू आहे' अशी तीन उत्तरंही होती. घटनेला आठ महिने झाले होते. अकरांपैकी एकाही कागदात रक्कम मागितलेली नव्हती आणि दावा करणार असं म्हटलेलं नव्हतं. त्यांनी कष्टात काही कमी ठेवली नव्हती. निवेदन म्हणजे नोटीस नव्हे एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दिवाणी दाव्याची दारं बंद झाली होती. शेवटी उच्च न्यायालयात रिट, म्हणजे हक्कभंगासाठी थेट तिथे करायची याचिका, करावी लागली, कारण तिथे ही ६ महिन्यांची अट लागत नाही.

नोटीस लांबलचक लागत नाही. तुमचं नाव, वर्णन, पत्ता, काय घडलं आणि काय मागता, एवढं हवं. मी साधारण असं लिहितो:

'दिनांक … रोजी रात्री अंदाजे ८.४० वाजता माझे पती … रस्त्याने पायी येत असता पाण्याच्या टाकीसमोरील उघड्या चेंबरमध्ये पडले व त्यांचा मृत्यू झाला. सदर रस्ता व चेंबर आपल्या ताब्यात व देखभालीखाली आहे. चेंबरला झाकण नसल्याबाबत दिनांक … रोजीच आपल्या कार्यालयास लेखी कळविण्यात आले होते. तरी भरपाईपोटी रुपये … इतकी रक्कम एक महिन्याच्या आत द्यावी, अन्यथा आपणाविरुद्ध दावा दाखल करण्यात येईल.'

एक प्रत स्पीड पोस्टानं नोंदणी आणि पोचपावतीसह पाठवा, दुसरी हातोहात द्या. आवक खिडकीवर 'साहेब नाहीत, उद्या या' असं झालं तरी परत फिरू नका. टपाल घ्यायला साहेब लागत नाहीत. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

कोणत्या दारात जायचं?

एसटीनं किंवा सरकारी गाडीनं धडक दिली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अर्जाला मुदत ६ महिने.

रेल्वेतून पडून कुणी गेलं तर रेल्वे दावा न्यायाधिकरण, १ वर्षात. इथे रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. मृत्यूला ८ लाख रुपये ठरलेले आहेत. आत्महत्या, स्वतःहून केलेली इजा, नशा, स्वतःचा गुन्हा, नैसर्गिक आजार अशा कारणांनीच ते नाकारता येतात. तिकीट सापडलं नाही म्हणून अनेकजण अर्जच करत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यानं दावा फेटाळता येत नाही. तो तिकीट काढूनच गेला होता असं घरच्यांनी शपथपत्रावर सांगावं, पुढचं रेल्वेनं खोडून काढावं.

खड्डा आणि उघडं मॅनहोल यांसाठी महाराष्ट्रात आता नवी वाट आहे. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूसाठी वारसांना ६ लाख आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश केला. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हे अर्ज पाहते. दिवाणी दाव्याचा विचार करण्याआधी इथे अर्ज द्या.

पैसे भरून घेतलेली सेवा, म्हणजे गृहनिर्माण प्राधिकरणाचा न मिळालेला फ्लॅट वगैरे, ग्राहक आयोगात जाते. मुदत २ वर्षं. सगळ्यांना फुकट उपचार देणारा सरकारी दवाखाना मात्र ग्राहक कायद्यात येत नाही, त्याच्यासाठी दिवाणी न्यायालयच. कोठडीतली मारहाण किंवा मृत्यू, बेकायदा डांबून ठेवणं, अत्यवस्थ रुग्णाला सरकारी दवाखान्यानं दारातून परत पाठवणं, अशा बाबतीत उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ ची रिट करता येते. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही १ वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार होते. आयोग भरपाईची शिफारस करतो. रिट तेव्हाच करा जेव्हा घटनेबद्दल फार वाद नाही. साक्षीदार तपासूनच खरं-खोटं ठरणार असेल तर उच्च न्यायालय तुम्हाला दिवाणी न्यायालयात पाठवतं, आणि तोवर तिथली मुदत गेलेली असू शकते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१००.

किती मागायचं?

भावनेच्या भरात १ कोटी लिहिलं जातं आणि त्यावर कोर्ट फी भरायची वेळ येते. हिशेब मोटार अपघाताच्या पद्धतीनं करा. इतर दाव्यांतही न्यायालयं तिचा आधार घेतात. समजा ४० वर्षांचा माणूस महिना २०,००० कमावत होता आणि त्याच्यावर चारजण अवलंबून होते. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १५,००० उरतात, वर्षाचे १,८०,०००. त्या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्यानं गुणायचं तो आकडा, १५. झाले २७ लाख. त्यावर दवाखान्याचा खर्च, अंत्यसंस्कार, भविष्यातली उत्पन्नवाढ हे मुद्दे वेगळे मांडायचे. भाजी विकणाऱ्याकडे पगारपत्रक नसतं. बाजार समितीच्या पावत्या, बचत गटाचं पासबुक, घरभाड्याच्या नोंदी यावरून उत्पन्न दाखवता येतं. जखमी माणसाची थोडी चूक असली, उदाहरणार्थ हेल्मेट नव्हतं, तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते. दावा बुडत नाही.

निकाल लागल्यावर

हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा न्यायालयाचा आदेश, हातात आला तरी पैसे आपोआप येत नाहीत. सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी ३ महिने करता येत नाही. त्यानंतर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची आणि जप्ती मागायची. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची गाडी किंवा कार्यालयातल्या खुर्च्या जप्त झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या अशाच दरखास्तींतून येतात. बेलिफ, म्हणजे न्यायालयाचा जप्तीचा कर्मचारी, दारात आला की लेखा विभागाकडून धनादेश निघतो. रक्कम न्यायालयात जमा होते. तुम्ही वारस म्हणून ती उचलण्यासाठी अर्ज करता तेव्हा बँक पासबुकाची प्रत, आधार आणि वारसांची संमतीपत्रं लागतात. अल्पवयीन मुलांच्या वाट्याची रक्कम बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवली जाते, तिची पावती मागून घ्या.